शेवंताच्या शेळ्यांचा कुत्रा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही. आई आजारी होती तेव्हा तिच्या उशाशी बसून होते, तेव्हा एकदा अगदी जिभेवर आलं होतं — पण गिळलं. तुला सांगतेय, कारण तू आमच्या वाडीतलं माणूस नाहीस, उद्या उठून शेवंताच्या कानाला लागणार नाहीस. आणि एक आधीच बजावून ठेवते. मला समजून घ्यायला जाऊ नकोस. समजून घेणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या सोंडेवर. चढून यायला दम लागतो, म्हणून आमच्याकडे पाहुणे कमी आणि भांडणं जास्त. करणार काय? जी मोजकी तोंडं समोर असतात त्यांच्याशीच भांडायचं. आमचं एक अंगण आणि त्याला दोन दारं. एक माझं, मी थोरली सून. दुसरं शेवंताचं, ती धाकटी. तिचा नवरा बाळू, माझा दीर. सासरे गेल्यावर वाटण्या झाल्या तेव्हा शेळ्याही वाटल्या गेल्या, गोठे वेगळे झाले, चुली तर कधीच वेगळ्या होत्या. अंगण मात्र एकच राहिलं, कारण ते कापता येत नाही.

शेवंता मला आवडत नव्हती. आजही आवडत नाही. मी वाईट केलं म्हणून ती काही चांगली ठरत नाही, हे लक्षात ठेव. गोड बोलून टोचायची तिची सवय. "बाय, तुमची भाकरी किती जाड होते गो, पोट लवकर भरत असेल नाय?" — असलं. आणि पदर तोंडाला लावून हसायची. मी तोंडावर बोलणारी. शिवी द्यायची तर देऊन मोकळी होणारी. वाडीत सगळे म्हणायचे, शेवंता गरीब आहे, थोरली तेवढी तिखट. गरीब. ऐकून माझं रक्त खवळायचं.

बरं, मूळ गोष्ट. मूळ गोष्ट कुत्र्याची आहे.

आमच्या रानात वाघरू फिरतं. बिबट्या म्हण, खालची शिकलेली माणसं तेच म्हणतात. त्या वर्षी त्याने आमच्या वाडीचा पिच्छाच धरला होता. माझी एक गाभण शेळी नेली, बाळूच्या दोन पाटी, न व्यायलेल्या तरण्या शेळ्या, नेल्या. आमच्याकडे गावठी कुत्रं होतं, पण वाघराचा वास आला की ते माचाखाली शिरायचं आणि तिथूनच कुंईकुंई करायचं. तेव्हा बाळूने डोकं चालवलं. दिवाळीनंतर देशावरचे मेंढपाळ घाट उतरून खाली येतात, लोकांच्या शेतात मेंढरं बसवतात. त्यांच्यात हा जाऊन बसायला लागला. आणि एक दिवस एक बोकड देऊन दोन पिल्लं घेऊन आला. जाड पंजांची, रुंद डोक्याची. एक कुत्री, तांबूस — तिला लाली नाव ठेवलं. दुसरा पांढऱ्यावर काळे डाग असलेला, तो बांड्या.

पिल्लं त्याने घरात नेलीच नाहीत. थेट शेळ्यांच्या गोठ्यात. आणि आम्हाला सगळ्यांना ताकीद — कुणी हाक मारायची नाही, उचलून घ्यायचं नाही, चुलीजवळ येऊ द्यायचं नाही. ताकात कुस्करलेली भाकरी, तीही गोठ्याच्या आत आणि त्याच्याच हाताने. माणसांच्या दाराची चटक लागली की राखणीचा कुत्रा वाया गेला, असं त्या मेंढपाळांनी त्याला शिकवलं होतं. त्याचं घर म्हणजे शेळ्या, त्याची माणसं म्हणजे शेळ्या. आम्ही हसलो. कुत्र्याच्या पिल्लाला एवढा सोवळा कारभार?

पहिल्या दिवशी शेळ्यांनी धिंगाणा घातला. त्यांच्यातली थोरली शेळी होती, चांदी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिने बांड्याला अशी धडक दिली की तो कुडाला जाऊन आपटला. बाळूने मधे कुंपण घातलं, नुसता वास लागू दिला. मग चांदी व्यायली. तिची वार पडल्या पडल्या बाळूने ती दोन्ही पिल्लांच्या पाठीला चोळली. मला शिसारी आली बघून. पण काय सांगू — चांदीने आपलं करडू चाटलं आणि मग मान वळवून त्या दोघांनाही चाटायला लागली. शेवंता दारात उभी राहून रडत होती. मीही बघत होते, आणि मला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. हेही खरं आहे, सांगून टाकते.

वाढायला लागल्यावर बांड्याने ताप दिला. कुत्र्याचं अल्लड वय — करडांच्या मागे पळायचा, कान ओढायचा, खेळता खेळता पाडायचा. एकाचा कान फाटला तेव्हा सगळी वाडी बाळूला म्हणाली, हा उद्या करडं खाणार. बाळू चिडला नाही. त्याने बांड्याच्या गळ्यात लोढणा अडकवला, दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका. पळायला गेलं की तो पायात येतो. महिना-दोन महिने ते ओझं ओढत बांड्या शेळ्यांच्या मागून चालला. खोडी मोडली तसा लोढणा काढला. पण लोकांच्या मनातून ते काही गेलं नाही. बांड्या म्हणजे करडांच्या मागे लागणारा, हे सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. मला ते पुढे कामाला आलं.

बघ, कसं निघालं तोंडातून. कामाला आलं.

मोठे झाल्यावर त्या दोघांनी काय राखण केली म्हणून सांगू. वाघरू दोनदा आलं आणि दोनदा हात हलवत गेलं. बाळू शेळ्या वरच्या मोकळ्या सड्यावर सोडून निवांत गवत कापायला जायचा. पण वाघरू उपाशी थोडंच राहणार? ते माझ्या गोठ्याकडे वळलं. एकाच पावसाळ्यात माझ्या तीन शेळ्या गेल्या. एकाच अंगणात एका बाजूला रिकामी दावी आणि दुसऱ्या बाजूला शेवंता करडांना मांडीवर घेऊन बसलेली. तुझं काय झालं असतं? नको, उत्तर देऊ नकोस. उत्तर मागायला मी बसलेली नाही.

मी कमीपणा घेऊन मागायला गेले. म्हटलं, दोन आहेत, एक मला द्या. बाळूने शेवंताकडे बघितलं. शेवंता बोलली, शेजारपाजारच्या चार बायकांच्या देखत. "बाय, तो तुमच्याकडं कसली राखण करतोय? दोन दिवसांत चुलीपाशी बसेल. तुम्ही त्याला वरणभात घालाल नि तो घोरेल." बायका हसल्या. तिने पदर तोंडाला लावला.

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं, मला आज कळतं. वाढलेला कुत्रा एका कळपातून काढून दुसऱ्यात टाकता येत नाही. पण ते हसू. ते हसू मला सोसलं नाही.

मग मी काय केलं — मी बांड्याला खायला घालायला लागले. गुपचूप. शेळ्या रानात जायच्या तेव्हा आमच्या परसाच्या वरच्या वाटेने जायच्या. आधी मी कुंपणापलीकडे सुक्या मासळीची डोकी टाकली. त्याने हुंगलं आणि तो निघून गेला. तेव्हा सोडून द्यायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं. तिसऱ्यांदा त्याने खाल्लं. मग कुंपणाच्या आत, मग परसात, मग पायरीवर. ताकभाकरीवर वाढलेला जीव तो, त्याला मासळीची, मटणाच्या हाडांची चटक लागायला किती वेळ? दुपारी शेवंता खाली कामाला गेलेली असायची, बाळू गवताला. बांड्या शेळ्या सोडून धावत उतरायचा, माझ्या दारात खायचा आणि परत वर पळायचा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचे. पहिल्यांदा हात लावला तेव्हा तो दचकला होता. त्याला माणसाचा हात माहीतच नव्हता.

मला वाटलं होतं, तो माझा होईल, माझ्या शेळ्या राखेल. शेळ्यांच्या वासात वाढलेला कुत्रा माणसाच्या दाराला लागला की तो कुणाच्याच शेळ्यांचा राहत नाही, हे आमच्या वाडीत तेव्हा पोराटोरांनाही कळलं होतं, बाळूने ते इतकं घोकून घेतलं होतं. मलाही माहीत होतं. माझ्या उरलेल्या शेळ्यांकडे तो बघायचाही नाही. यायचा तो दाराशी. तरी मी घालत राहिले. का? कारण शेवंताचा कुत्रा माझ्या हातचं खातो, एवढ्यानेच मला झोप गोड लागायची.

तो दिवस.

आमच्या शेताची राखण होती त्या दिवशी. वर्षातून एकदा बांधावरच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा, तो कापून घरी आणायचा. कोंबडा माझ्या पुढ्यात टाकून आमचे हे वाटणाला नारळ-सामान आणायला खाली पोलादपूरला गेले. मी परसात बसून कोंबडा सोलत होते. बांड्या आला. मी मुंडी टाकली, पाय टाकले, आतडी टाकली. त्याचं तोंड रक्ताने माखलं, छातीवरचे पांढरे केस लाल झाले. मला हसूही आलं. म्हटलं, खा लेका, तुझ्या धनिणीने कधी घातलंय का असलं?

तेवढ्यात वरून लालीचं भुंकणं ऐकू आलं. साधं नव्हे. घसा फाटेस्तोवर. बांड्याने मान वर केली. तोंडातलं टाकलं — अर्धं तिथेच टाकलं — आणि कुंपणावरून उडी मारून वर सुटला. तो पळाला नसता, माझ्या दारात खात बसला असता, तर बाळूला तो तिथेच सापडला असता आणि वाचला असता. तो आपल्या शेळ्यांसाठी पळाला.

वर काय झालं ते मी पाहिलं नाही. पण मला ठाऊक आहे, कारण दुसरं काही होऊच शकत नव्हतं. वाघराने करडं गाठली होती. लाली एकटी. बांड्या पोचेपर्यंत चांदीची दोन करडं मरून पडली होती आणि तिसरं दिसतच नव्हतं. आणि गवताचा भारा टाकून बाळू धावत पोचला तेव्हा त्याला काय दिसलं? मेलेली करडं. त्यांच्याजवळ बांड्या, रक्ताने माखलेलं तोंड घेऊन उभा. ज्याने लहानपणी करडाचा कान फाडला होता तोच.

आरडाओरडा ऐकला आणि मला सगळं कळलं. तुला वाटेल मी धावत वर गेले असेन. मी झाडू घेतला. परसातली पिसं गोळा केली, रक्तावर राख टाकली, उरलेली आतडी खड्ड्यात पुरली. काम स्वच्छ केलं. आमच्यात माझ्या हातचं झाडलेलं अंगण सगळ्यांना आवडतं.

बाळू बांड्याला दोरी लावून खाली घेऊन आला. मागे शेवंता, खालून धावत आलेली, धापा टाकत. ती म्हणत होती, "आवो आधी नीट बघा, तो असं करणार नाय, बघा तरी." एकटी तीच म्हणत होती. वाडी जमली होती आणि जो तो सांगत होता, आम्ही म्हटलंच होतं. बाळू माझ्या दारात थांबला. का थांबला कोण जाणे. कदाचित त्याला अजून एक फट हवी होती, कुत्रा वाचवायला.

"वहिनी, बांड्या इकडं आलेला काय?"

बांड्या माझ्याकडे बघून शेपूट हलवत होता. दोरी ताणून माझ्या पायरीकडे ओढत होता. सगळ्यांसमोर. एवढ्या माणसांत एकालाही कळू नये?

"नाय रे," मी म्हटलं. "इकडं कशाला येईल तो?"

आणि तो माझ्या पायाशी आला, तर मी त्याला हाड् केलं. झाडू उगारला. तो मागे सरला आणि माझ्याकडे बघत राहिला. बाळूने दोरी ओढली. शेवंताने माझा हात धरला — आयुष्यात पहिल्यांदा तिने माझा हात धरला असेल — आणि म्हणाली, "बाय, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील." मी हात सोडवून घेतला. म्हटलं, तुझा कुत्रा, तुझा नवरा, मी कोण सांगणारी?

बाळू त्याला सोंडेच्या पलीकडे घेऊन गेला. कोयता घेऊन गेला होता. परत आला तेव्हा दोरी हातात होती. तो ओट्यावर बसला आणि तसाच बसून राहिला, शेळ्या आत घ्यायला पण उठला नाही. आमच्या घरी कोंबडा शिजला. मी वाढलं. मी जेवलेही.

पुढचं सांगायलाच हवं का? सांगते. लाली एकटी पुरेना. वाघराला वाट सापडली होती. ते माझ्याकडेही येत होतं आणि तिच्याकडेही. एका झटापटीत लालीचा पाय गेला, मग तीही गेली. बाळूने दुसरी पिल्लं आणली नाहीत. लोक म्हणाले, आण की. तो म्हणायचा, पुन्हा माझ्या हाताने नको. उरलेल्या शेळ्या त्याने विकल्या, चांदीसकट, आणि दोघं बिरवाडीला गेली. तिथे कारखान्यात कामाला जाणाऱ्यांसाठी खोल्या आहेत ना, पत्र्याच्या, एकाला एक लागून. त्यातली एक. तो ठेक्यावर हेल्पर लागला. शेवंता कामगारांचे डबे करते. एकदा औषधाला महाडला गेले होते तेव्हा वाटेत त्यांच्याकडे उतरले. खोलीत बसायला जागा नव्हती. शेवंता कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "बाय, इथं खिडकीतून कंपनीची भिंत दिसते नुसती." टोचून बोलली नाही. तिची ती जीभच राहिली नव्हती. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली. खरंच म्हटलं.

अंगण आता सगळं माझं आहे. कुणी वाटेकरी नाही.

आणि तू म्हणशील, जुनी गोष्ट, झालं गेलं. म्हणूनच सांगायला बसले. जुनी नाही. यंदा शिमग्याला बाळू वर आला होता, एकटाच. केस पांढरे झालेत, फुप्फुसात काहीतरी झालंय म्हणतो, कंपनीतल्या वासाने. पालखी गेल्यावर माझ्या ओट्यावर बसला. मी चहा दिला. तो त्याने पिऊन संपवला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "वहिनी, एक विचारू? ते तिसरं करडू गेलं कुठं? कुत्रा करडू मारेल. पण उचलून नेईल कुठं?"

मी त्याचा रिकामा कप उचलला.

"मी तेव्हा रागात होतो, करडांच्या मानांवर दात कुणाचे ते बघितलं नाय. आता झोपेत ते तिसरं करडूच दिसतं. तुम्ही दिवसभर घरात होतात. खरं सांगा, तो इकडं आलेला काय? आला असेल तर सांगा. मी काय कोणाला बोलनार नाय. मला नुसतं कळायला पायजे, मी कोणाला मारलं ते."

घरात कुणी नव्हतं. पालखीमागे सगळी वाडी खाली गेली होती. एवढी मोकळी वेळ मला पुन्हा मिळणार नव्हती. तो दीर माझा, माझं लग्न झालं तेव्हा मिसरूडही न फुटलेला, माझ्या हातची भाकरी खाऊन मोठा झालेला. तो रागावला नसता, हेही मला माहीत होतं. रडला असता फक्त.

"नाय आला," मी म्हटलं. "मी दिवसभर परसात होते. आला असता तर मला दिसला असता."

त्याने मान हलवली. दोनदा-तीनदा हलवली. मग म्हणाला, "बरं झालं, वहिनी. विचारून घेतलं ते बरं झालं. मन हलकं झालं." आणि वाकून माझ्या पाया पडला.

त्याचं मन हलकं व्हावं म्हणून मी तसं बोलले, असं तुला वाटायला लागलं असेल. तसं नाही. त्याचा विचारही माझ्या मनात आला नव्हता. मी माझ्यासाठी बोलले. तो वाकला तेव्हा मी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, सुखी राहा.